जौनपूरचा शाही पूल : साडेचार शतकांचा दगडी साक्षीदार

वाराणसीपासून सुमारे ६० किलोमीटरवर गोमती नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या जौनपूर शहराची ओळख म्हणजे तेथील शाही पूल. सम्राट अकबराच्या कारकिर्दीत, जौनपूरचा कारभार पाहणाऱ्या मुनीमखानाने इ. स. १५६८-६९ च्या सुमारास तो बांधून घेतला. त्याच्या रचनेचे श्रेय अफझल अली काबुली या वास्तुकाराला दिले जाते.

जौनपूरची स्थापना फिरोजशहा तुघलकाने १३५९ मध्ये केली. पुढे शर्की सुलतानांच्या काळात हे शहर राजधानी म्हणून भरभराटीस आले. अटाला मशिदीसारख्या वास्तू त्या वैभवाची साक्ष देतात. मात्र मशिदी वा राजवाड्यांहून पुलाचे मोल वेगळे आहे. तो सर्वसामान्यांच्या रोजच्या वापरासाठी बांधला गेला आणि आजही वापरात आहे.

जाडजूड दगडी खांब आणि त्यांवर पेललेल्या टोकदार कमानी ही पुलाची मुख्य रचना. कमानीचा प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर दाब देतो आणि सारा भार खांबांवाटे पायात उतरतो. पुलावर दोन्ही बाजूंना स्तंभयुक्त छत्र्या असून, टोकाजवळ हत्तीवर झेपावलेल्या सिंहाचे पाषाणशिल्प आहे. रुडयार्ड किपलिंग यांनी ‘अकबर्स ब्रिज’ या कवितेतून पुलाची दंतकथा इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचविली. नदीकाठी अडलेल्या गरीब विधवेला खुद्द बादशहाने नावेतून पैलतीरी नेले आणि त्यातूनच पुलाची आज्ञा झाली, अशी ती कथा.

गोमतीचे अनेक पूर पचविलेल्या या पुलाला १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपाने मोठा तडाखा दिला. सात कमानी उद्‌ध्वस्त झाल्या व त्या पुन्हा उभाराव्या लागल्या. उत्तर प्रदेशच्या पुरातत्त्व संचालनालयाने १९७८ मध्ये पुलाचा संरक्षित वास्तूंत समावेश केला. वाहतुकीचा भार हलका व्हावा म्हणून २००६ मध्ये नवा समांतर पूलही खुला झाला.

तरीही संरक्षणाचा प्रश्न केवळ फलक लावून सुटत नाही. चुन्यातील जुन्या बांधकामाला सिमेंटची डागडुजी मारक ठरते. त्यामुळे ओलावा आत कोंडतो आणि दगड झिजू लागतो. सांध्यांत रुजलेले पिंपळाचे रोप वेळीच न काढल्यास कमानीही खिळखिळ्या होतात. वापरातील वारसा जपायचा तर वापरालाच शिस्त हवी. शाही पुलाचे भवितव्य त्यावरच अवलंबून आहे.