अकाली जन्मलेल्या बाळांची दृष्टी आणि संगणकाचे निदान

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, महाराष्ट्राच्या अगदी सीमेलगत वसलेले दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. येथील कुटुंबात दिवस पूर्ण होण्यापूर्वीच मूल जन्माला आले, तर त्याला घेऊन एक तर सोलापूर गाठायचे किंवा सीमेपलीकडचे कलबुर्गी. बाळ काही आठवडे काचेच्या पेटीत राहते, वजन धरते आणि घरी येते. घरच्यांच्या लेखी संकट टळलेले असते. परंतु नेमक्या याच सुमारास त्याच्या डोळ्यांत एक विकार मूळ धरत असू शकतो. बाहेरून त्याचे कोणतेही लक्षण दिसत नाही.

या विकाराचे नाव 'रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी'. डॉक्टरमंडळी त्याला 'आरओपी' म्हणतात. गर्भाच्या दृष्टिपटलात रक्तवाहिन्या सोळाव्या आठवड्यापासून वाढू लागतात आणि चाळिसाव्या आठवड्याच्या सुमारास कडेपर्यंत पोहोचतात. बाळ आधीच जन्मले, तर ही वाढ अर्धवट राहते. त्यात प्राणवायू बेताने न देता अधिक दिला गेला, तर वाहिन्या वेड्यावाकड्या फुगून वाढतात आणि शेवटी दृष्टिपटल ओढून सोडवतात. मग उपचार जवळजवळ निष्फळ ठरतात. बोस्टनचे डॉ. टेरी यांनी 1942 मध्ये या विकाराची प्रथम नोंद केली. पुढील दशकभरात पाश्चात्त्य देशांत हजारो मुले त्यामुळे अंध झाली. जीव वाचवणारा प्राणवायूच दृष्टी हिरावून घेत होता, हे बऱ्याच उशिरा उमगले.

भारतात धोक्याची कक्षा अधिक रुंद आहे. पश्चिमेत हा विकार मुख्यत्वे अतिशय लहान बाळांत आढळतो. आपल्याकडे दीड किलोपेक्षा जास्त वजनाच्या बाळांतही तो दिसतो. म्हणूनच 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'च्या 2017 च्या सूचनांनुसार 34 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासणे अपेक्षित आहे. फारच लहान बाळांसाठी ही मुदत दोन-तीन आठवड्यांचीच. उपचारांची गरज दिसली, की लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शन दोन-तीन दिवसांत व्हावे लागते.

अडचण तपासणाऱ्यांच्या संख्येची आहे. बाळाच्या दृष्टिपटलाचे निदान करू शकणारे नेत्रतज्ज्ञ मोजकेच, आणि तेही बहुधा मोठ्या शहरांत. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयातील डॉ. आनंद विनेकर यांनी 2008 मध्ये सुरू केलेल्या 'किडरॉप' उपक्रमाने यावर एक वाट काढली. प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतील नवजात कक्षांत जातात, छायाचित्रे काढतात आणि दूर बसलेले तज्ज्ञ ती पाहून निर्णय देतात. पुण्यातही एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयाने या क्षेत्रात काम केले आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता येते ती यापुढच्या पायरीवर, म्हणजे छायाचित्र पाहण्याच्या कामात. वाहिन्या किती फुगल्या व किती वळणे घेत आहेत, यावर विकाराची तीव्रता ठरते. आणि गंमत अशी, की तेच छायाचित्र पाहून निष्णात तज्ज्ञांचेही एकमत होत नाही. अमेरिकेत साडेपाच हजारांहून अधिक छायाचित्रांवर शिकवलेल्या 'आय-आरओपी' या प्रणालीने 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 100 छायाचित्रांपैकी 91 अचूक ओळखली आणि आठपैकी सहा तज्ज्ञांना मागे टाकले. हीच प्रणाली अरविंद नेत्र रुग्णालयाच्या दूरतपासणीतील 363 बाळांच्या छायाचित्रांवर पडताळण्यात आली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचारांची गरज असलेले एकही बाळ तिच्या नजरेतून सुटले नाही. मात्र गरज नसलेल्यांपैकी साधारण पाचांत एकाला तिने संशयित ठरवले. ही चूक परवडणारी आहे. तिची किंमत शहरापर्यंतचा एक फेरा आणि एका दिवसाची मजुरी. उलट चुकीची किंमत मात्र आयुष्यभराचे आंधळेपण असते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि ती निदानाहून कमी मोलाची नाही. ज्या नवजात कक्षांत प्राणवायूचे प्रमाण राखणारी व मोजणारी उपकरणे नव्हती, तेथील बाळांत विकाराची तीव्रता अधिक होती. म्हणजे यंत्राने दिलेले आकडे एकत्र मांडले, तर कोणत्या रुग्णालयात काय कमी आहे हेही कळू शकते.

तथापि प्रणाली छायाचित्र वाचते, काढत नाही. बाळाच्या चिमुकल्या डोळ्याची बाहुली औषधाने मोठी करून स्पष्ट चित्र टिपणारा कुशल हात लागतोच. कॅमेरा बदलला, की प्रणालीची नव्याने पारख करावी लागते. लेसरही माणसानेच द्यायचा असतो. शिवाय एका तपासणीने भागत नाही. वाहिन्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी बाळाला पुन्हा आणावे लागते.

दुधनीसारख्या सीमेवरच्या गावात खरी गळती येथेच होऊ शकते. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते, बाळ एका राज्यातील रुग्णालयात जन्मते, महिनाभराने दुसऱ्या राज्यातील सासरी जाते. रुग्णालयाच्या कागदावर पत्ता माहेरचा राहतो. डोळ्यांच्या तपासणीची तारीख त्या कागदावर ठळक लिहिलेली नसेल आणि ती आईला, गरज पडल्यास कन्नडमध्ये, समजावून सांगितलेली नसेल, तर तिसावा दिवस कुणाच्या ध्यानीमनी नसताना उलटून जातो.