मुलांच्या हाती आलेले स्वरांचे पुस्तक



इतिहासावर बोलण्यासाठी कोणी उभे राहिले की श्रोत्यांच्या मनात लढाया, तह आणि गादीचे तंटे येऊ लागतात. आज मी यांपैकी कशावरही बोलणार नाही. मला एका अगदी लहान वस्तूचा इतिहास सांगावयाचा आहे. मुलांना गाणे शिकवण्यासाठी मराठी मुलखात जी छापील पुस्तके निघाली, त्यांचा हा इतिहास आहे. वस्तू लहान असली तरी तिच्या मागचा प्रश्न लहान नाही. विद्या कोणाची, ती कोणाला मागता येते, आणि ज्याला गुरू मिळाला नाही त्याने काय करावे, हा तो प्रश्न होय.

आरंभ आपल्याच मराठवाड्यापासून करू. तेराव्या शतकात, देवगिरीस सिंघण यादव राज्य करीत असताना, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले आणि नातू यादवांच्या दरबारी हिशेबाच्या मोठ्या अधिकारावर चढला. दिवसा राज्याचे जमाखर्च पाहणाऱ्या या गृहस्थाने स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्ये आणि नृत्य यांचा असा काही हिशेब मांडला की, पुढील कित्येक शतके उत्तर-दक्षिण दोन्हीकडच्या पंडितांना त्यावाचून पाऊल टाकता आले नाही. स्वरांची आद्याक्षरे लिहून चाल टिपण्याची रीतही त्या ग्रंथात आहे. तेव्हा स्वर लिहिणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना, असे जे सैलपणे म्हटले जाते, ते निदान देवगिरीच्या शेजाऱ्यांनी तरी म्हणू नये.

परंतु ‘रत्नाकर’ संस्कृतात होता आणि पंडितांसाठी होता. गाणारे उस्ताद व बुवा तो वाचीत नव्हते आणि वाचणारे शास्त्री बहुधा गात नव्हते. शास्त्र पोथीत व विद्या गळ्यात, अशी फारकत झाली. मुलाला गाणे यायचे तर दोनच वाटा उरल्या. पहिली वाट गुरुगृहाची. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी त्या विद्येसाठी ग्वाल्हेर गाठले आणि वर्षानुवर्षे सेवा केली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. अशी तपश्चर्या लाखांत एखाद्यालाच साधणार. दुसरी वाट आपल्या खेड्यांची. येथून जवळच गोरोबाकाकांचे तेर आहे. या भागातले मूल बापाच्या मांडीवर बसून भजन ऐकते, आणि टाळ कसा धरावा हे कोणी न सांगताच एके दिवशी तालात टाळ वाजवू लागते. ही वाट सर्वांना मोकळी होती. मात्र ती जेथे संपे तेथून पुढे रस्ता नव्हता. भजनात रंगलेल्या मुलाने आपण गातो तो राग कोणता असे विचारले, तर उत्तर देणारा गावात कोणी नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटू लागले. शाळा निघाल्या, छापखाने निघाले, आणि शाळेत शिकवता येते ते सारे पुस्तकात घालता येते अशी श्रद्धा निर्माण झाली. पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाला. प्रतिष्ठित घरांत गाणे म्हणजे बिघडण्याचा मार्ग समजत असत. तो समज घालवून विद्यार्थ्यांना गायन शिकवावे, हा त्याचा एक उद्देश होता. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा काढली. मौलाबक्षांचा जन्म उत्तरेकडील. म्हैसुराकडे राहून त्यांनी कर्नाटक संगीत आत्मसात केले होते. तेथील शिक्षणाची शिस्त त्यांना भावली असावी. त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली आणि शाळेसाठी पाठ्यपुस्तके लिहिली. वर्ग, घंटा, हजेरी आणि पुस्तक या चार गोष्टी गाण्याच्या जवळ प्रथमच इतक्या व्यवस्थितपणे आल्या.

असेच काही त्या शतकात इंग्लंडातही चालले होते. जॉन कर्वेन नावाच्या धर्मोपदेशकाने, सारा ग्लोव्हर या शिक्षिकेची कल्पना घेऊन, पाच रेघांच्या अवघड लेखनाऐवजी साध्या अक्षरांनी स्वर लिहिण्याची पद्धत रूढ केली. गरिबांच्या मुलांनाही समूहाने गाता यावे, हा त्याचा हेतू होता. विद्या सोपी करण्याची तळमळ कोणा एका देशाची नसते.

आपल्याकडे ही तळमळ दोन विष्णूंनी वाहिली. पैकी विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म कुरुंदवाडचा, १८७२ सालचा. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका चेहऱ्याजवळ उडाल्याने त्यांच्या दृष्टीला कायमची इजा झाली; शाळा सुटली आणि मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकण्याची पाळी आली. पुस्तक वाचणे ज्याला कष्टाचे होते त्यानेच पुढे पन्नासाच्या घरात संगीताची पुस्तके काढावीत, हा योग विलक्षण होय. मिरजेत एका समारंभास गावातील मान्यवरांना बोलावणे गेले, पण गवई म्हणून त्यांच्या गुरूंना गेले नाही, आणि ते शल्य मनात घेऊन त्यांनी १८९६ साली मिरज सोडली, असे सांगतात. ५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापले. ते राजाच्या दानावर न चालता लोकांच्या वर्गणीवर आणि फीवर चालले. मुलींनाही तेथे शिकता येई. त्यांनी स्वतःचा छापखाना घातला. ‘संगीत बालप्रकाश’, ‘संगीत बालबोध’ ही त्यांची पुस्तके नावानेच आपला वाचक सांगतात. तो वाचक दरबारी नव्हे, शास्त्रीही नव्हे. तो बालक होता.

या पुस्तकांसाठी पलुस्करांनी एक मोठा बदल केला. जुन्या चिजांतील शृंगाराचे शब्द त्यांनी दूर सारून त्यांच्या जागी भक्तीची पदे घातली. कित्येक रसिकांस हे आजही रुचत नाही. जुन्या शब्दांबरोबर काही जुना रंगही गेला, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. तथापि ज्या घरात मुलीने तंबोऱ्याला हात लावणे निंद्य मानले जाई, त्या घराचा उंबरठा कोणत्या शब्दांनी ओलांडता येईल, हे पलुस्करांना बरोबर कळले होते. या कार्यापायी त्यांनी कर्ज काढले, आणि मुंबईतील महाविद्यालयाची इमारत त्या कर्जात गेली. १९३१ साली ते मिरजेस वारले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली.

दुसरे विष्णु नारायण भातखंडे. जन्म मुंबईचा, १८६०चा, व्यवसायाने वकील. त्यांनी हिंदुस्थानभर फिरून उस्तादांच्या गळ्यातील चिजा मिळवल्या, टिपल्या आणि छापल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा चार भागांचा ग्रंथ मराठीत आहे आणि तो गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला आहे. ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. जुन्या तालमीत शिष्याने ऐकायचे असे. या ग्रंथातला शिष्य शंका विचारतो आणि गुरू त्यावर रागावत नाही. याच वृत्तीतून त्यांची सहा भागांची ‘क्रमिक पुस्तकमालिका’ निघाली. ‘क्रमिक’ हा शब्द शाळेतला. आधी सोपे, मग अवघड. आधी सरगम, मग गीत, असा तिचा क्रम. रागाचे नियम त्या रागातच बांधून सांगणारी लक्षणगीते त्यांनी ‘चतुर’ या नावाने रचली. म्हणजे व्याख्या पाठ करावयाची ती गाऊनच. घराण्यांनी तिजोरीसारखी राखलेली शेकडो बंदिशींची संपत्ती काही आण्यांच्या पुस्तकात उघडी पडली. उस्तादांपैकी कोणी यावर नाराज झाले असतील, तर त्यांनाही दोष देता येणार नाही. ती त्यांची उपजीविका होती.

दोघे विष्णू थोर. परंतु दोघांनी मुलांपुढे एक अडचणही ठेवली. पलुस्कर-पद्धती म्हणून जी रूढ आहे तीत स्वरावर टिंब दिले की तो मंद्र सप्तकातला समजावयाचा. तार सप्तकासाठी वर उभी रेघ. भातखंडे-पद्धतीत स्वरावरचे टिंब तार सप्तक दाखवते, आणि मंद्रासाठी टिंब खाली येते. एकीत समेला १ आणि खालीला अधिकचे चिन्ह. दुसरीत समेला गुणिले आणि खालीला शून्य. पहिलीत तेच शून्य अर्ध्या मात्रेची खूण आहे! एका पुस्तकावर वाढलेले मूल दुसरे उघडील तर जेथे वर चढावयाचे तेथे खाली उतरेल. एका भाषेच्या मुलांना दोन लिप्या शिकाव्या लागाव्यात तसा हा प्रकार. मोठ्यांचा मतभेद लहानांना वह्यांतून गिरवावा लागतो, तो असा.

आता आपल्याकडे वळू. ही पुस्तके पुण्या-मुंबईस निघत होती तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. अंबाजोगाईची योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा अशी मोजकी ठिकाणे मराठी शिक्षणाचा दिवा जपत होती. जेथे साधे मराठी वाचनाचे पुस्तकच दुर्मिळ, तेथे मराठीत लिहिलेले स्वरांचे पुस्तक कोणत्या मुलाच्या हाती पडणार? बार्शी व सोलापूर इंग्रजी हद्दीत होते. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरपर्यंत आली आणि १९२७ साली तिचे दुसरे टोक मिरजेस पोचले. तंबोऱ्यांची मिरज आणि भजनाचा हा मुलूख यांच्यामध्ये ती चिमुकली गाडी धावू लागली. पण रूळ जोडले म्हणून विद्या जोडली जात नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, पुढे १९५६ साली मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला, आणि मगच गायनाचे वर्ग व परीक्षा आपल्या गावांत पसरल्या. नांदेडास अण्णासाहेब गुंजकरांकडे नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) यांच्यासारखे शिष्य तयार झाले, ते पुस्तकापेक्षा गुरूच्या बळावर. आपल्याकडे पुस्तक उशिरा आले हे त्यावरून दिसते.

आज परिस्थिती उलटी आहे. पुस्तके मिळतात, ‘प्रारंभिक’पासूनच्या परीक्षा होतात, दहावीला त्यांचे वाढीव गुणही मिळतात. दार उघडले, हे निर्विवाद. तरी एक उणीव मला जाणवते. या पुस्तकांचा आरंभ स्वरापासून होतो. मुलाला आधीच जे गाणे येते तेथून होत नाही. हंगेरीत झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) या संगीतकाराने नेमके याच जागी बोट ठेवले होते. मुलाची पहिली संगीतभाषा त्याच्या मातृभाषेतील लोकगीत होय, असे मानून त्याने शिक्षणाची मांडणी केली. आपल्या मुलाला काय येत नाही? आजीची ओवी येते, हलगीचा ठेका येतो, लेझमीचे पाऊल येते, हरिपाठाची चाल येते. ही शिदोरी बाहेर ठेवून तो वर्गात शिरतो आणि ‘सा’पासून अज्ञानी ठरतो. पलुस्कर-भातखंड्यांनी शास्त्र मुलापर्यंत आणले. मूल जे घेऊन येते ते शास्त्रापर्यंत नेण्याचे काम मात्र आपल्यावर सोपवून ते गेले.

ते काम मोठ्या संस्थांचीच वाट पाहत बसेल असे नाही. गावातील भजनी मंडळींकडे पदांची हस्तलिखित बाडे असतील. वृद्ध स्त्रियांना जात्यावरच्या ओव्या अजून आठवत असतील. संगीत जाणणाऱ्या एखाद्या शिक्षकाने त्यांतील वीस-पंचवीस सोप्या चाली स्वरांत लिहाव्यात, कोणत्या चालीत कोणत्या रागाची छाया आहे हे एका ओळीत सांगावे, आणि शाळेतील मुलांकडूनच त्याची स्वच्छ वही तयार करून घ्यावी. चिन्हे कोणती, यावर भांडत बसू नये. एक पद्धत घ्यावी आणि पहिल्या पानावर तिचा खुलासा करावा. ती वही गावच्या वाचनालयात ठेवावी.

देवगिरीच्या हिशेबनीसाने पंडितांसाठी ग्रंथ लिहिला. अधू दृष्टीच्या गवयाने आणि मुंबईच्या वकिलाने तो मुलांच्या उंचीपर्यंत खाली आणला. एवढा लांबचा प्रवास करून पुस्तक आपल्या दाराशी आले आहे. आता त्यात आपल्या मुलांचे एखादे पान असावे, इतकीच माझी मागणी आहे. ती आपण मनावर घ्याल अशी आशा बाळगून मी आपली रजा घेतो.