जुन्या टर्बो मोटारीचे इंजिन : दुरुस्ती करावी की बदलावे?

भंडारा : साकोली, लाखनी, भंडारा या मार्गाने नागपूर गाठणाऱ्या वाहनांच्या रांगेत पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या टर्बो डिझेल गाड्या आजही दिसतात. १९९८ ची टाटा सफारी, २००२ ची महिंद्रा स्कॉर्पिओ आणि २००५ ची टोयोटा इनोव्हा या गाड्यांनी 'टर्बो' हा शब्द ग्रामीण भागापर्यंत पोहोचविला. त्यांतील अनेक गाड्या भाड्याने धावतात आणि त्यांच्यावर एखाद्या कुटुंबाचा चरितार्थ चालतो. अशा गाडीचे इंजिन बसले, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाजवळ जाऊन पोहोचतो आणि मालकापुढे कठीण निर्णय उभा राहतो.

इंजिनातून वाया जाणाऱ्या उष्ण वायूवर पाते फिरवून त्या शक्तीने सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबायची, ही टर्बोची मूळ कल्पना होय. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हा थर क्षणभर जरी तुटला, तरी बेअरिंग झिजू लागते. भंडाऱ्याच्या मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हात नागपूरहून वेगाने येऊन दारात गाडी लगेच बंद करण्याची सवय त्यामुळे घातक ठरते. इंजिन थांबते, ऑइलचा प्रवाह थांबतो, मात्र टर्बो तापलेलाच राहतो आणि आतले ऑइल जळून त्याचा कोळसा बनतो. एक-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवणे, एवढाच त्यावरील बिनखर्ची उपाय आहे. धान कापणी व मळणीच्या हंगामातील धूळही कमी उपद्रवी नाही. एअर फिल्टर चोंदला अथवा फाटला, की ती टर्बोची पाती आणि सिलिंडरच्या भिंती दोन्ही घासून काढते.

बिघाडाची पहिली वर्दी धूर देतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते वा डिझेल जास्त जाते. इंजिन गरम झाल्यानंतरही दाट पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी. निळा धूर पाहून थेट 'इंजिन काम' काढणे मात्र घाईचे ठरते. दोष कित्येकदा एकट्या टर्बोत असतो. म्हणून प्रथम सिलिंडरचे कॉम्प्रेशन, ऑइलचा दाब आणि टर्बोच्या दांड्याची ढिलाई तपासून घ्यावी. या तपासणीचा खर्च किरकोळ असतो, तो टाळल्याने मोठा खर्च ओढवतो.

टर्बो निकामी झाल्यावर नुसता नवा बसविणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. जुन्या टर्बोतील ऑइल व धातूचे कण इंटरकूलर आणि पाइपमध्ये साचलेले असतात. ते धुऊन काढले नाहीत आणि टर्बोला ऑइल पुरविणारी बारीक नळी चोंदलेलीच राहिली, तर नवा टर्बोही अल्पावधीत जातो. टर्बोचे सील फुटल्यास डिझेल इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून जाळू लागते आणि किल्ली फिरवूनही बंद होत नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा व इंजिन बंद पाडावे. हवेच्या तोंडाशी हात मात्र कदापि नेऊ नये.

पिस्टन वा बेअरिंगपर्यंत हानी पोहोचली असल्यास इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नसते. हेड वाकले आहे काय हे सपाट पट्टी व फिलर गेजने पाहून फेसिंग करावे लागते. सिलिंडर झिजले असतील तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवितात. क्रँकवर चरे असल्यास तो ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंग घालतात. या कामांसाठी नागपूर जवळ पडते. हेडचे बोल्ट अंदाजाने आवळू देऊ नयेत, टॉर्क पान्याचा आग्रह धरावा.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुरात भंडारा शहराच्या अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला 'चालते का पाहू' म्हणून सेल्फ मारणे हा इंजिनाचा घात आहे. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवावे, पाणी बाहेर टाकावे, ऑइल व फिल्टर बदलावेत. पाणी शिरलेले इंजिन सुरू केल्याने झालेली हानी सर्वसाधारण विमा पॉलिसीत धरली जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते, आणि जुन्या गाड्यांना ते सहसा मिळत नाही.

दुरुस्तीपेक्षा वापरलेले इंजिन स्वस्त पडते, असा सल्ला हमखास दिला जातो. तो स्वीकारण्यापूर्वी कागदपत्रांचा विचार व्हावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्यास नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते व बदलानंतर १४ दिवसांत तशी नोंद करून घ्यावी लागते. इंजिनाचा मूळ मालक व खरेदीची पावती नसेल, तर ते इंजिन चोरीच्या गाडीचे निघण्याचा धोका असतो. खासगी मोटारीची १५ वर्षांची नोंदणी संपल्यावर पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना एमएच-३६ च्या कार्यालयात गाडी तपासणीस न्यावी लागते आणि इंजिन क्रमांक जुळला नाही, तर काम तेथेच अडते.

काम काढलेल्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर जड भार वा सलग भरधाव वेग देऊ नये. त्यानंतर ऑइल व फिल्टर बदलून जुने ऑइल पांढऱ्या कापडावर गाळून पाहावे. पितळी वा चंदेरी चमक दिसल्यास गाडी त्याच दिवशी मिस्त्रीकडे परत न्यावी.