एकदाच वापरायची दुर्बीण: ब्रॉन्कोस्कोपची गोष्ट

सीवूड्सहून सीएसएमटीची हार्बर लोकल पकडली की वडाळ्यानंतर शिवडी येतं. तिथलं महापालिकेचं टीबी हॉस्पिटल बहुतेकांना ऐकून माहीत असतं. आज फुफ्फुसात डोकावणाऱ्या दुर्बिणीचा, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपचा इतिहास बघू. टीबी असलेल्या शहरात ही दुर्बीण नीट धुतली जाते का, हा प्रश्न तुमच्या-माझ्या घरचाच आहे.

साल 1897. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये गुस्ताव किलियन या डॉक्टरांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेलं हाड सरळ, कडक नळी घालून काढलं. पुढे कित्येक दशकं नळी कडकच राहिली. मग 1954 मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी यांनी काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवलं. ती कल्पना धरून जपानच्या शिगेतो इकेदांनी 1966 मध्ये वाकणारा ब्रॉन्कोस्कोप जगापुढे ठेवला. पेशंटचे हाल कमी झाले.

पण इथूनच नवी भानगड सुरू झाली. कडक धातूची नळी वाफेवर निर्जंतुक करता येते, या नाजूक नळीला ती उष्णता सोसत नाही. शिवाय आत अरुंद पोकळी, त्यात कफ. म्हणून गळती तपासा, ब्रशने घासा, ग्लुटाराल्डिहाइडसारख्या रसायनात बुडवा, खळबळा, पूर्ण वाळवा. एक पायरी हुकली की खेळ खल्लास. 1995 मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलिनात दूषित ब्रॉन्कोस्कोपमधून औषधांना न जुमानणारा टीबी पसरला होता. 2001-02 मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात तर स्कोपचं एक झाकणच सैल निघालं, जंतू तिथे दडून बसले.

यावर उपाय म्हणून 2009 मध्ये डेन्मार्कच्या अम्बू कंपनीने एकदा वापरून टाकून द्यायचा स्कोप आणला. 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही सांगितलं, की संसर्गाचा धोका जास्त असेल तिथे असा स्कोप वापरायचा विचार करा.

आम्ही कोडवाले बिघडलेला कंटेनर दुरुस्त करत नाही, उडवतो आणि नवा उभा करतो. पण कंटेनर जवळपास फुकट असतो, स्कोप नाही. म्हणून हिशोब हॉस्पिटलगणिक बदलतो. रोज भरपूर तपासण्या होत असतील आणि धुणारी टीम पक्की असेल, तर जुना स्कोप परवडतो. रात्री दोन वाजता आयसीयूत एकच तपासणी करायची असेल, तर नवा. चित्र किती स्पष्ट दिसतं, कफ किती ओढला जातो आणि प्लॅस्टिकचा कचरा किती होतो, हेही त्यात मोजायला हवं.

आपल्याकडे आणखी एक मेख आहे. 'एकदाच वापरा' असं छापलेली वस्तू धुऊन परत वापरायची आपली जुनी सवय. ज्या स्कोपची रचनाच धुण्यासाठी नाही, त्यावर हा जुगाड केला तर दोन्हीकडून तोटा.

घरात कुणाची ब्रॉन्कोस्कोपी ठरली तर डॉक्टरांना बिनधास्त विचारा: स्कोप कोणता? धुण्याची नोंद ठेवता का? एकदाच वापरायचा असेल, तर पाकीट आत्ताच फोडलंय ना? विचारायला काही लाजायचं नाही. भेटू पुढच्या भागात!