कोकटनच्या शाळेचे तीन महिने

वेस्ट व्हर्जिनियातले कोकटन हे कोळसा खाणीचे गाव. १८९२ मध्ये शाळा मंडळाने ठरवले, गोऱ्या मुलांना आठ महिने शाळा, कृष्णवर्णीयांना पाचच! खाणमजुराच्या लेकराला एवढे पुरे, हा हिशेब आपल्याला नवा नाही. शिक्षिका कॅरी विल्यम्स यांनी वकील जे. आर. क्लिफर्ड यांचा सल्ला घेऊन उरलेले तीन महिनेही शिकवले, आणि त्या पगारासाठी मंडळाला कोर्टात खेचले. रक्कम १२० डॉलर. १८९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात त्या जिंकल्या. क्लिफर्ड ‘पायोनियर प्रेस’चे संपादकही होते, वकिली आणि वृत्तपत्र ही जोडी पाहून आम्हाला बाबासाहेब आठवतात. मात्र महिने समान झाले तरी शाळा वेगळ्याच राहिल्या. तो वेगळेपणा बेकायदा ठरायला १९५४ उजाडले.