सही आपली, पत्र कंपनीचं

पूर्वी आमच्या रत्नागिरीत पोस्टमनने पत्र दिलं की आधी अक्षर पाहत. मुंबईच्या चाकरमान्याचं अक्षर ओळखलं की पाकीट लगेच फोडलं जाई. इ-मेलला अक्षर नसतं, विश्वास ठेवायचा तो पाठवणाऱ्याच्या नावावर. २००४ मध्ये ऑर्कुट आलं, पाठोपाठ मैत्री जुळवणाऱ्या साइट्सचं पेव फुटलं आणि त्यांतल्या काहींनी नेमकं हेच हेरलं.

साइट म्हणे, 'तुमचे मित्र शोधून देतो, इ-मेलचा पासवर्ड द्या.' पासवर्ड मिळाला की पत्त्यांची अख्खी वही त्यांच्या हाती. मग डॉक्टर, भाडेकरू, जुना साहेब, सगळ्यांना आपल्या नावाने आमंत्रण!

यात गाजलं ते 'टॅग्ड' या अमेरिकन साइटचं प्रकरण. अमक्याने तुम्हाला फोटो पाठवलेत, असे सहा कोटींहून अधिक फसवे मेल तिने पाठवल्याचा आरोप न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी जुलै २००९ मध्ये केला. त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि टेक्सास राज्यांशी मिळून साडेसात लाख डॉलर भरून कंपनीने तडजोड केली. पुढे 'लिंक्डइन'वरही खटला झाला. २०१४ मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं, पहिल्या आमंत्रणाला ग्राहकाची संमती होती, पण मागून त्याच्याच नावे गेलेल्या स्मरणपत्रांना नव्हती. २०१५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली.

आपल्याकडे संतोषी मातेच्या नावाने साखळी-पत्रं फिरत. 'इतक्या जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल!' पण भीतीपोटी का होईना, ती माणूस स्वतः लिहीत असे. वर्गात पत्रलेखन शिकवताना मी सांगत असे, सही केली म्हणजे मजकुराची जबाबदारी घेतली. इथे मजकूर कंपनीचा, सही मात्र आपली!

आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००९ पासून ६६-अ कलम लागू झालं. मेल कुठून आला याबद्दल दिशाभूल करणं हा त्यात गुन्हा होता. पण 'त्रास', 'गैरसोय' असे मोघम शब्दही त्यातच कोंबलेले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन मुलींना अटक झाली, तीत हेच कलम लावलं होतं. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संपूर्ण रद्द केलं. निकाल योग्यच होता. पण सुक्याबरोबर ओलंही जळलं.

२०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती ठरावीक कामापुरतीच, हे त्यात आलं. चांगलंच झालं. पण मंडळी, आजही किती ॲप्स 'कॉन्टॅक्ट्स'ची परवानगी मागतात! ती नावं-नंबर इतरांचे आहेत, त्यांना कोणी विचारलंय? 'नाही' म्हणून बघा. बरीचशी ॲप्स तरीही चालतात.