गुरुजींचा आवाज कशात साठवावा?

शिकवणे हे मुळात तोंडचे काम आहे. बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर बसले की काम सुरू होते. खडू-फळा लागेल तेव्हा लागेल. पण तेच शिकवणे उद्याच्या, परगावच्या, आपण कधी न पाहिलेल्या मुलापर्यंत पोचवायचे म्हटले की मध्ये एखादे साधन घ्यावे लागते. साधन आले की त्याची निवड आली, खर्च आला, आणि शेजाऱ्याकडे आपल्यापेक्षा चांगले आहे ही रुखरुखही आली.

आमच्या केनवडात आणि रिसोड तालुक्याच्या आसपासच्या गावांत तरुण शिक्षकांना सध्या घरच्या घरी धडे मुद्रित करून मुलांना मोबाइलवर पाठवण्याचा नाद लागला आहे. नाद चांगला आहे. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला, कादंबऱ्या लिहिणारा मास्तर, तरी ही मंडळी मला विचारतात, "सर, कॅमेरा कोणता घ्यावा? माइक कोणता? दिवे किती लागतील?" हे प्रश्न दुकानदाराचे आहेत असे कोणी म्हणेल. मला ते इतिहासाचे वाटतात. आपल्या लोकांनी हा प्रश्न सातशे वर्षांत अनेकदा सोडवला आहे, आणि ज्यांनी नीट सोडवला त्यांनी तो एकाच टोकाकडून सोडवला.

पहिले उदाहरण आपल्या वऱ्हाडातलेच आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी गावोगाव हिंडत लोकांशी लोकांच्या भाषेत बोलले. त्यांच्या मागे, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर येथे, म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली त्या आठवणी गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ सिद्ध झाला. यंत्र कोणते? ज्यांनी ऐकले त्यांचे कान, त्यांची आठवण आणि म्हाइंभटांची लेखणी. म्हाइंभट पंडित होते. मनात आणते तर सारे संस्कृतात घालते. त्यांनी स्वामींची बोली तशीच ठेवली, कारण ती ज्यांच्यासाठी ठेवायची त्यांची बोली तीच होती. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असे महानुभाव परंपरा सांगते. आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्या हिराइसेसारख्या साधकांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली. म्हणून तिचे वेगवेगळे पाठ झाले. पण ग्रंथ वाचला. एकाच ठिकाणी ठेवलेले धन हे धन नव्हे, हा धडा त्यात आहे. तो मोबाइलवाल्यांना पुढे उपयोगी पडेल.

आता सहाशे वर्षे ओलांडून कल्याणला येऊ. तिथल्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ लोकांपुढे आणला. विलायतेत ज्याला मॅजिक लँटर्न म्हणत, त्याचे हे मराठी रूप. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे पांढरा पडदा. पट्ट्या अशा सरकवायच्या की चित्रातली माणसे हलल्याचा भास व्हावा, आणि जोडीला निवेदन व गाणे. कल्पना बाहेरची, पण चित्रे रामायण-महाभारतातली. समोर बसणाऱ्याला काय कळेल आणि काय आवडेल, हे ठरवूनच काचा रंगवलेल्या.

या परंपरेतला सर्वांत मोठा पुरुष म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. आपण त्यांना चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. घरात बसून धडा मुद्रित करणारा पहिला मराठी माणूसही मी त्यांनाच म्हणतो. त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफीचे शिक्षण घेतले होते. छपाईच्या धंद्यात हात काळे केले होते. चित्रपटाचे वेड लागल्यावर त्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. तिथे कॅमेऱ्यांची काय कमी! पण फाळके दुकानात शिरले नाहीत. ते ज्या 'बायस्कोप' साप्ताहिकाचे वाचक होते, त्याच्या संपादकाकडे, कॅबर्नसाहेबांकडे, गेले. हिंदुस्थानात हा धंदा जमणार नाही, असे त्या भल्या माणसाने आधी सांगून पाहिले. मग जाणकारांशी विचारविनिमय करून विल्यमसनचा कॅमेरा सुचवला. फाळक्यांनी सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ डोळ्यांखाली घातला, आणि सुमारे ५० पौंडांचा तो कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र, धुण्या-छापण्याची सामग्री आणि कोरी फिल्म एवढीच खरेदी करून ते परतले. आधी काम काय करायचे ते पाहिले, ते करणाऱ्याला विचारले, आणि कामाला लागेल तेवढेच घेतले. खरेदीचे सारे शास्त्र या तीन वाक्यांत आले.

दादरच्या घरात मग संसार आणि कारखाना एक झाले. कोरी फिल्म भोके न पाडलेली येई; अंधारात बसून तिला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत, धुण्याचेही करीत, आणि माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याच हातचा. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधी फाळक्यांनी जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. एका कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा ठेवला, आणि महिनाभराहून अधिक काळ ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले. ती फिल्म लावली की पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत बी फुगे, अंकुर फुटे, वेल वर चढे. 'अंकुराची वाढ' हे तिचे नाव. ती पाहून पैसेवाल्यांचा विश्वास बसला. मी मास्तर असल्याने मला तिच्यात निसर्गशास्त्राचा एक निर्दोष तास दिसतो. कॅमेरा एक, कुंडी एक, खिडकीतला उजेड फुकट. आणि महिनाभराची चिकाटी, जी कुठल्याच दुकानात मिळत नाही.

चित्राचे झाले, आवाजाचे काय? एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले. त्या काळी विजेचा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी जाऊन चढ्या आवाजात गायचे आणि दोन-तीन मिनिटांत आटपायचे. १९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि ही कसरत संपली. पण कर्ण्याने शिकवलेला नियम आजही खरा आहे: तोंड आणि यंत्र यांतले अंतर दुप्पट केले की पोचणारी आवाजाची शक्ती चौथ्या हिश्शावर येते. मग उरलेली जागा पंखा, भिंतीचा घुमारा आणि शेजारची पिठाची गिरणी भरून काढतात.

पुढे सरकारने मोठी यंत्रे आणली. १९४८ साली नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, १९७२ साली मुंबईला दूरदर्शन आले. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. माझ्या वयाच्या वाचकांना ती आठवत असेल. आमच्या पिढीने कितीतरी गोष्टी दूरदर्शनच्या त्या कार्यक्रमांतून पहिल्यांदा पाहिल्या. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले आणि शेतात राबणाऱ्यालाही पदवीची वाट मोकळी झाली. पण २०१७ साली बालचित्रवाणी बंद पडली. स्टुडिओ होता, यंत्रे होती, मुद्रित कार्यक्रमांचा साठा होता, अनुदान आटले. मोठे यंत्र मोठ्या हातावर जगते, आणि तो हात निघाला की उभे राहत नाही.

आणि मग मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागले. प्रत्येक मास्तराला घरातच स्टुडिओ मांडावा लागला. तेव्हा केनवडात मला जे दिसले ते सांगतो. कितीतरी घरांत फोन एकच, आणि तोही वडिलांच्या खिशात. वडील सोयाबीनच्या पेरणीला गेले की शाळाही त्यांच्याबरोबर शेतात जायची. संध्याकाळी फोन घरी यायचा तो जेमतेम चार्ज उरलेला. घरात दोन मुले असली तर तो आधी थोरल्या भावाच्या हाती. धाकट्या बहिणीची पाळी रात्री नऊला, आईची भांडी झाल्यावर. त्या मुलीला जे मिळाले तेच खरे शिकवणे. बाकीचे आमच्या समाधानाचे. चांगल्या कॅमेऱ्याने घेतलेला, नटवलेला धडा तिच्यापर्यंत उतरतच नसे. दहा मिनिटांचा नुसता बोललेला धडा उतरे, आणि तो चुलीपाशी आजीही ऐके.

यात हिशेबही आहे. साधे बोलणे सेकंदाला ३२ किलोबिट या मापाने साठवले, तर १० मिनिटांचा धडा सुमारे अडीच मेगाबाइट होतो. चित्रासह साठवला आणि सेकंदाला १ मेगाबिट धरला, तर तोच ७५ मेगाबाइट. तीसपट ओझे! ते धाकटीच्या नशिबी टाकायचे की नाही, हे आपण खरेदीला निघण्याआधी ठरवायचे. त्याच वर्षी जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिली मिली' ही मालिका लागली. जिथे फोन नव्हता पण टीव्ही होता, त्या घराचा विचार तिच्यामागे होता. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी तर पुस्तकावरच चौकोनी क्यूआर ठसा उमटवून धडा त्यामागे ठेवला, कारण पुस्तक मुलाच्या हाती आधीच होते. २०२० च्या डिसेंबरात त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटली.

तेव्हा माझ्या तरुण मित्रांना माझे उत्तर असे. आधी ऐकणाऱ्याच्या घरी जाऊन या. फोन कोणता, कोणाच्या हाती, किती वेळ, ते पाहा. मग आवाज. घरातली सर्वांत लहान, सामानाने भरलेली खोली निवडा. दाराला गोधडी टांगा, पंखा बंद करा. पत्र्याचे छप्पर असेल तर पाऊस थांबू द्या. पैसा खर्चायचाच तर पहिला खर्च कॉलरला अडकवायच्या तारेच्या माइकवर करा; तो काही शेकड्यांत मिळतो आणि तोंडापासून वीतभर अंतरावर बसतो. कॅमेरा हातातल्या फोनचाच चालेल, त्यातही पाठीमागचा. फोन हातात न धरता पुस्तकांच्या चवडीवर टेकवा. दिव्यांआधी खिडकी वापरा. ती तुमच्या समोर असावी, पाठीशी नव्हे. गणित शिकवायचे तर चेहरा दाखवायची गरजच नाही. फोन वर टांगून लिहिणारा हात दाखवा. अमेरिकेतल्या सलमान खान यांनी—नट नव्हेत, शिक्षक—२००४ साली आपल्या नात्यातल्या बहिणीला दुरून गणित शिकवायला घेतले, आणि पुढे काळ्या पाटीवर उमटणारी अक्षरे व मागचा आवाज एवढ्यावर जगभरची मुले शिकवली. आणि शेवटी, म्हाइंभटांची पोथी आठवून, प्रत्येक धड्याची एक नक्कल दुसऱ्याच्या घरी ठेवा.

एवढे झाल्यावर पैसे उरले, तर मोठा कॅमेरा जरूर घ्या. माझी ना नाही. पण दिवाळीत दुकाने झगमगलेली असताना खरेदीला निघाल तेव्हा वाटेत त्या धाकटीचे घर लागते. तिथे क्षणभर थांबा, फोन तिच्या हाती किती वाजता येतो ते विचारा, आणि मग दुकानाची पायरी चढा.